पुढचे ब्रेक पॅड पुन्हा पुन्हा संपतायत? नवे पॅड घेण्याआधी हे तपासा

चौदा महिन्यांत तीन वेळा पुढचे ब्रेक पॅड बदलले. गाडी २००८ सालची, आठशे सीसीची, तीन सिलिंडरची पेट्रोल. २०२३मध्ये पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतली, कारण गाडी विकायची नाही. घर चिपळूणला, आणि महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने कराडला जाणं-येणं. घाट धरूनही चांगले पॅड वीस हजार किलोमीटर जायला हरकत नाही. माझे सहा-साडेसहा हजारांत पत्र्याला टेकत होते, आणि दर वेळी डावीकडचे आधी.

गॅरेजमध्ये दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "घाटात चालते ना, मग संपणारच." नवे पॅड बसायचे, डिस्कवरून पॉलिश पेपर फिरायचा, गाडी घरी. मीही ते मान्य करत गेलो. मग एका संध्याकाळी हेळवाकहून घाट उतरताना मधल्या वळणांवर जळका वास यायला लागला आणि पॅडल लाकडासारखं कडक झालं. मागे आई आणि मुलगी बसल्या होत्या. दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकला हात ठेवून पोफळीपर्यंत आलो, गाडी बाजूला लावली आणि अर्धा तास तिथेच बसून राहिलो. त्यानंतर पॅड बदलण्याऐवजी कारण शोधायला घेतलं. शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका राहतात, ते सोबत होते. कारणं चार निघाली आणि त्यातलं शेवटचं इंजिनात होतं. ज्या क्रमाने ती सापडली त्याच क्रमाने लिहितोय.

जुने पॅड फेकू नका, ते वाचा

मेकॅनिककडून जुने पॅड मागून घ्या आणि कुठला पॅड कुठल्या बाजूचा, आतला की बाहेरचा, हे त्यावर खडूने लिहा. निम्मं निदान तिथेच होतं. छोट्या गाड्यांत पुढच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंना पॅड धरणाऱ्या चिमट्याला, बहुतेक एकच पिस्टन असतो. तो आतल्या पॅडला थेट दाबतो, आणि त्याच दाबाने कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. म्हणून:

- आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा जवळजवळ नवा आहे, तर कॅलिपर सरकत नाही किंवा पिस्टन मागे येत नाही.
- बाहेरचा जास्त झिजलाय, तर ब्रेक सोडल्यावर कॅलिपर परत जात नाही, पॅड डिस्कला चिकटून राहतोय.
- पॅड पाचरीसारखा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल, तर दोनपैकी एक पिन जाम आहे.
- एकाच चाकाचे दोन्ही पॅड सारखे संपले, तर होज पाइप (कॅलिपरला ऑइल नेणारी रबरी नळी) किंवा पिस्टन बघा.
- दोन्ही चाकांचे चारही पॅड सारखेच लवकर संपतात, तर मागचे ब्रेक काम करत नाहीत, किंवा मास्टर सिलिंडर (पॅडलचा दाब ऑइलला देणारा) दाब सोडत नाही, किंवा आपण उतारावर पाय ठेवून चालवतो.

माझ्या डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड एका टोकाला सहा मिलिमीटर होता आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम एक. म्हणजे पिन. हे तीन वेळा दिसलं असणार, पण तीन वेळा जुने पॅड गॅरेजच्या डब्यात गेले.

पिना

चाक काढण्याआधी मागच्या चाकांना दगड लावा, गाडी सपाट जागी ठेवा, आणि जॅकवर विसंबून गाडीखाली शिरू नका. जॅकस्टँड नसेल तर निदान स्टेपनी आडवी करून सांगाड्याखाली सरकवून ठेवा.

खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला. वरची पिन बोटाने आत-बाहेर होत होती. खालची हलेचना. काकांनी तिला पकडीत धरून इकडून तिकडे फिरवत, थोडं थोडं पेट्रोल नव्हे तर ब्रेक ऑइलच सोडत, वीस मिनिटांनी बाहेर काढली. तिच्यावर पिवळ्या ग्रीसचा थर जळून मेणासारखा झाला होता, त्यात लाल मातीचे कण, आणि टोकाशी गंजाचे खड्डे. रबरी बूट फुगून ढिला झाला होता आणि एका जागी चिरलेला. चिरलेल्या बुटातून कोकणातलं पावसाचं पाणी चार महिने आत जातं, पुढचं गंज करतो.

बूट फुगण्याचं कारण ते पिवळं ग्रीस. बेअरिंगला किंवा चासीला लावतात ते ग्रीस ब्रेकच्या रबराला चालत नाही, रबर फुगतं आणि सैल पडतं. पिनांना उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लागतं, तेही पातळ थर. भोक ठासून भरलं तर आतली हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. गंजलेली पिन घासून परत वापरू नका. पिना आणि बूट यांचं किट पॅडच्या जोडापेक्षा स्वस्त पडतं. माझी दोन्ही बाजूंची किट बदलली.

पिस्टन मागे ढकलताना सी-क्लॅम्प वापरा आणि कॅलिपर होज पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेने वर बांधून ठेवा. पिस्टन मागे गेला की मास्टरच्या डब्यातली पातळी वर येते, ते ऑइल बॉडीवर सांडलं तर रंग जातो. पॅड बसवून झाल्यावर गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन दाबांत ब्रेक लागत नाही. हे विसरून गेटवर गाडी घातलेली माणसं मी पाहिली आहेत.

डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने मोजा. कड वर आली असली तरी माझी मर्यादेच्या आत होती, म्हणून तीच ठेवली. पॅडचं मटेरियल तीन मिलिमीटरवर आलं की बदला, किरकिर ऐकू येईपर्यंत थांबू नका.

पिस्टन सहज मागे जात नसेल, किंवा ब्रेक सोडल्यावरही चाक हाताने फिरत नसेल, तर कॅलिपरवरचा ब्लीडिंगचा, म्हणजे हवा काढायचा, निपल थोडा सैल करा. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकलाय. निपल आवळून पुन्हा ब्रेक दाबा, चाक अडकू द्या आणि या वेळी होजच्या वरचा, लोखंडी पाइपचा नट सैल करा. मोकळं झालं तर दोष वर, मास्टर किंवा बूस्टरकडे (बूस्टरचं पुढे येतं). नाही झालं तर होज पाइप आतून सुजलाय. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, आत मात्र रबर सुटून झडप झालेली असते. दाब जातो, परत येत नाही. जुन्या गाडीत होज बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. आणि निपल सैल केलात, तर नंतर हवा काढणं आलंच.

मागचे ब्रेक गप्प बसलेले

पिना झाल्या. दीड हजार किलोमीटरनंतर मोजलं तर डावीकडची पाचर गेली होती, पण झीज अजून जास्तच, आता दोन्ही बाजूंना सारखी. म्हणजे पुढच्या ब्रेकवर कुणाचं तरी काम येऊन पडतंय.

हँडब्रेक ओढला तर दहा-अकरा टिकटिक झाल्यावर धरायचा. ही खूण मी कितीतरी महिने रोज हातात घेऊन फिरत होतो. मागची चाकं उचलून मुलाला ब्रेक दाबायला सांगितलं: उजवं चाक थांबलं, डावं हाताने फिरत होतं.

डावा ड्रम उतरवला. आत लायनर ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबराखालून ऑइल पाझरून लायनर, म्हणजे मागचे घासणारे पट्टे, भिजलेले. काळी चिकट भुकटी सगळीकडे. ती फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा भाजून परत बसवण्याची पद्धत अजून कुठे कुठे दिसते. करू नका. ऑइल मटेरियलच्या आतपर्यंत मुरलेलं असतं, गरम झालं की परत वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

दोन्ही बाजूंचे व्हील सिलिंडर आणि लायनर बदलले. लायनर झिजेल तशी फट आपोआप भरून काढणारी दातेरी पट्टी असते, ती गंजून बसली होती. ती साफ करून मोकळी केली, नाहीतर नवे लायनरही थोड्याच दिवसांत ड्रमपासून लांब राहिले असते. ड्रमच्या आतला जास्तीत जास्त व्यासही ड्रमवरच लिहिलेला असतो. आता हँडब्रेक सहाव्या टिकटिकीला धरतो.

ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे पुढचे ब्रेक तसेही मोठा वाटा उचलतात. त्यात मागचे बंद असतील तर सगळा घाट पुढच्या चार पॅडवर.

ब्रेक ऑइल

डब्यातलं ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशाला उकळतं, ओल मुरल्यावर १४०च्या आसपास. डॉट ४चे तेच आकडे २३० आणि १५५. उतारावर कॅलिपर तापला की त्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल खाली बसतं. कोकणातल्या हवेत दोन वर्षांवर ते ठेवू नये. डब्याच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच घ्या, सीलबंद छोटी बाटली घ्या, आणि डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही.

हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे मास्टर उजवीकडे असतो, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळा.

पॅडल कडक का झालं?

ऑइल उकळलं तर पॅडल मऊ होतं. माझं कडक झालं होतं, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टरची आतली रबरं गेलीत. स्पंजासारखं लागत असेल तर हवा. आणि कडक लागत असेल तर पायाला मदत करणारा बूस्टर बघायचा.

बूस्टर इंजिनच्या ओढीवर, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर चालतो. तो तपासायला काही हत्यार लागत नाही. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा, कडक झालं की पाय तसाच ठेवून स्टार्टर मारा. पॅडल थोडं खाली सरकलं तर मदत मिळतेय. मग इंजिन चालू असताना पॅडल दाबून धरा, इंजिन बंद करा, अर्धा मिनिट थांबा. पॅडल पायाला वर ढकलायला लागलं तर व्हॅक्यूम कुठेतरी निसटतोय. तिसरी गोष्ट, ब्रेक दाबून धरला की इंजिनची रेस बदलते का किंवा फुस्स आवाज येतो का ते ऐका. तसं होत असेल तर बूस्टरचा पडदा फाटलाय किंवा पाइप चिरलाय.

माझं पॅडल पहिल्या चाचणीत अगदी किंचित सरकलं. बूस्टरच्या रबरी पाइपला क्लिपखाली नखाएवढी चीर सापडली. पाइप बदलला, फरक पडला, पण पूर्ण नाही. इथे मी थांबणार होतो. काका म्हणाले, "पाइप चांगला, बूस्टर चांगला, मग ओढणाराच कमी ओढतोय. इंजिन बघ."

इंजिनची नाडी

व्हॅक्यूम गेज हे स्वस्त हत्यार आहे आणि इंजिन न उघडता बरंच सांगतं. मॅनिफोल्डच्या एका तोंडाला जोडायचं, इंजिन गरम करून आयडलवर ठेवायचं. समुद्रसपाटीला निरोगी पेट्रोल इंजिन १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. उंचीवर दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, म्हणून चिपळूणचा आकडा आणि कराडचा आकडा यांची तुलना करताना दीड-दोन इंच सोडून द्यावे लागतात.

माझा काटा १६वर होता आणि ठरावीक लयीत खाली झटका मारत होता, टक्, टक्, टक्. काटा खालीच पण स्थिर असेल तर टायमिंग मागे पडलंय किंवा मॅनिफोल्डला गळती आहे. लयीत झटका म्हणजे एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि इग्निशनची जोडणी काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेरे. आकडे आले १२.५, ९ आणि १२.३ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). गाडीच्या पुस्तकातली मर्यादा बघायचीच, पण सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. एकाहून जास्त किलोचा फरक चांगला नाही. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजलं. आकडा वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा. तो तिथेच राहिला, म्हणजे व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असते तर हेड गॅस्केटकडे बोट गेलं असतं, आणि मग रेडिएटरचं पाणी घटतंय का, डिपस्टिकवर दुधट साय दिसते का, हे बघायचं.

हेड उतरवल्यावर मधल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळलेला निघाला. त्याची टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची बारीक फट, घट्ट झाली होती. टॅपेटचा थोडा आवाज येणारी गाडी लोक घाबरून गॅरेजला नेतात. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नाही, आणि बंद न झालेला व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही म्हणून जळतो. जुनी गाडी आवाज न करता चालतेय म्हणून टॅपेट बघायच्या सोडू नका. सीएनजी असेल तर आणखी लवकर बघा.

व्हॉल्व्ह नवा, बाकीचे घासून बसवले, व्हॉल्व्ह सील सगळे बदलले. सीलचं लक्षणही घाटातच दिसलं होतं: लांब उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, मॅनिफोल्डमधली ओढ वाढते आणि कडक झालेल्या सीलमधून ऑइल आत खेचलं जातं. पायथ्याला पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळ्या धुराचा एक लोट. पोफळीला दर वेळी आरशात तो दिसायचा आणि मला वाटायचं, थंडीमुळे असेल.

आता आकडे १२.५, १२.२, १२.४ आहेत आणि व्हॅक्यूमचा काटा १९वर स्थिर.

याचा पॅडशी संबंध

नऊशे किलोची गाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा कुठेतरी जावी लागते, तेवढ्यात साधारण चौदा लिटर गार पाणी उकळीला येईल. त्यातला मोठा भाग दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने आणि वाऱ्याने घ्यायचा असतो. माझ्या इंजिनाचा एक सिलिंडर अर्धाच ओढत होता, म्हणून गाडी उतारावर सुटल्यासारखी पळायची, मी ब्रेकवर जास्त वेळ पाय ठेवायचो, आणि बूस्टर कमजोर म्हणून जास्त जोर लावायचो. त्यातच एक पिन जाम आणि मागचे ब्रेक झोपलेले.

ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. वेग वाढला की ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबा आणि पूर्ण सोडा, हलका पाय ठेवून राहू नका. न्यूट्रल नको, आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणं तर नकोच, बूस्टरमधला साठा दोन-तीन दाबांत संपतो.

नवे पॅड बसवल्यावर पहिल्याच दिवशी घाटात जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०वरून १०पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग उतरवा, मध्ये अर्धा-एक किलोमीटर वारा लागू द्या, आणि तापलेल्या डिस्कवर पॅडल दाबून गाडी उभी ठेवू नका. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात न टेकवता तळवा धरा. डावं-उजवं सारखंच कोमट लागायला हवं. एखादंच चाक भाजत असेल तर पुन्हा पिनांपासून सुरुवात करा.

या दुरुस्तीला अकरा हजार किलोमीटर झाले, त्यात एक पूर्ण पावसाळा. गेल्या रविवारी चाकं काढून मोजलं. नवे असताना दहा मिलिमीटर होते, आता डावा आतला ७, बाहेरचा ७.२, उजवीकडचे दोन्ही ७.१. पिना बोटाने सरकल्या. मेच्या अखेरीस त्या पुन्हा काढून पुसून ग्रीस करणार आहे, पावसाआधी.